कंदिलाच्या तेलापासून ड्रोनच्या बॅटरीपर्यंत : ग्रामीण घरातील ऊर्जासाठवण आणि आगीचा धोका
(भंडारा जिल्ह्यातील दिघोरीच्या संदर्भात एक ऐतिहासिक विवेचन)

सारांश :
घरात ऊर्जा साठवून ठेवण्याची गरज जुनी आहे. रॉकेल, कोरडा विद्युतघट, स्वयंपाकाचा गॅस आणि आता लिथियम-आयन बॅटरी असा तिचा प्रवास झाला. प्रत्येक साधनासोबत ते हाताळण्याची एक शिस्त घराघरांत रुजली. लिथियम बॅटरीच्या बाबतीत मात्र ही शिस्त अद्याप रुजलेली नाही. ती दिसते टॉर्चच्या सेलसारखी, पण तिचा स्वभाव रॉकेलच्या जवळचा आहे. दिसणे आणि स्वभाव यांतील ही तफावत हेच धोक्याचे मूळ होय, असे प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन आहे.

बीजशब्द : लिथियम-आयन बॅटरी, अग्निसुरक्षा, ऊर्जासाठवण, भंडारा जिल्हा, ड्रोन.

प्रस्तावना :
लाखांदूर तालुक्यातील दिघोरी हे भंडारा जिल्ह्याच्या धानपट्ट्यातील गाव आहे. या पट्ट्यात मळणीनंतर तणसीचे ढीग घराच्या आसपास उभे राहतात. जुन्या घरांत लाकडी फाटे व कवेलू आढळतात, तर नव्या घरांवर टिनाची पत्रे असतात. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो. अशा वस्तीत आग ही नेहमीच सामूहिक चिंतेची बाब राहिली आहे, कारण एका घराची ठिणगी शेजारच्या तणसीवर पडण्यास वेळ लागत नाही.

भंडारा जिल्ह्याला आगीची एक अत्यंत वेदनादायी आठवणही आहे. ९ जानेवारी २०२१ रोजी पहाटे भंडारा येथील जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या नवजात शिशू कक्षाला आग लागून १० बालके मृत्युमुखी पडली. त्यानंतर राज्यातील रुग्णालयांच्या अग्निसुरक्षा तपासणीचा प्रश्न ऐरणीवर आला. त्या आगीचा बॅटरीशी संबंध नव्हता. परंतु त्या घटनेने एक बाब अधोरेखित केली : संस्थेची तपासणी करता येते, घराची तपासणी करण्यास कोणी येत नाही. घरातील सुरक्षितता अखेर घरातील माणसांच्या ज्ञानावर व सवयीवर अवलंबून असते.

उद्दिष्टे :
१. ग्रामीण घरातील ऊर्जासाठवणीच्या साधनांचा ऐतिहासिक क्रम पाहणे.
२. लिथियम बॅटरीच्या धोक्याचे स्वरूप व त्याबाबतच्या नियमांची वाटचाल तपासणे.
३. ग्रामीण घरात पाळता येईल अशी साठवणीची पद्धत मांडणे.

१. रॉकेल : स्वभाव ओळखून केलेली साठवण
वीज येण्यापूर्वी, आणि आल्यानंतरही बराच काळ, दिवा व कंदील यांसाठी रॉकेल हेच घरातील साठविलेल्या ऊर्जेचे मुख्य रूप होते. १९३४ च्या पेट्रोलियम अधिनियमाने या द्रवांचे वर्गीकरण त्यांच्या ज्वलनांकावरून केले. त्यामुळे पेट्रोल व रॉकेल यांचे वर्ग वेगळे ठरले. विक्रीसाठी नसलेले पेट्रोल ३० लिटरपर्यंत विनापरवाना बाळगता येते; रॉकेलच्या वर्गासाठी ही मर्यादा २,५०० लिटर आहे. म्हणजे कायद्याने वस्तूचे रूप पाहिले नाही, तिचा स्वभाव पाहिला.

घरानेही तेच केले. रेशनचे रॉकेल चुलीपासून दूर ठेवायचे, लहान मुलांच्या हाती लागू द्यायचे नाही, पेटत्या दिव्यात तेल ओतायचे नाही, हे नियम कोणत्याही पुस्तकाविना एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे गेले. अपघात घडले नाहीत असे नाही. परंतु धोका कशात आहे हे सर्वांना ठाऊक होते. रॉकेलला वास होता आणि तो वासच सूचना देत असे. पुढे गॅस सिलिंडर आला तेव्हा मूळचा गंधहीन वायू गळताच कळावा म्हणून त्यात मुद्दाम वास मिसळण्यात आला. १ मे २०१६ रोजी सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेनंतर सिलिंडर गरीब घरांतही पोहोचला आणि त्यासोबत रेग्युलेटर बंद करणे, नळी तपासणे या सवयीही पोहोचल्या.

२. कोरडा घट : निर्धास्तपणाची सवय
दुसरी परंपरा टॉर्चच्या सेलची होय. या परंपरेत भंडारा जिल्ह्याचा स्वतःचा वाटा आहे. तुमसर तालुक्यातील डोंगरी बुजुर्ग येथील खाणीतून मिळणारे मँगनीज डायऑक्साइड कोरड्या घटांच्या उद्योगात वापरले जाते. १९६२ साली स्थापन झालेल्या मॉयल या कंपनीने तेथे विद्युत-अपघटनी मँगनीज डायऑक्साइड तयार करण्याचा कारखानाही चालविला. रात्री धानाच्या बांधावर जाणाऱ्या शेतकऱ्याच्या हातातील टॉर्चमागे जिल्ह्यातील खनिजाचा असा आधार होता.

१८६६ मध्ये फ्रेंच अभियंता लेक्लांशे याने रचलेल्या घटापासून विकसित झालेला हा सेल दीड व्होल्टचा असतो. त्यातील विद्युत-अपघटनी पदार्थ पाण्यावर आधारित असल्याने तो सहसा पेट घेत नाही. फार तर सेल गळतो आणि टॉर्च खराब होते. परिणामी सेल कुठेही टाकण्याची सवय जडली. फडताळ, पत्र्याचा डबा, उशाखालची जागा, खिळे व नाण्यांसोबतचा खिसा, सर्व ठिकाणी तो निर्धास्तपणे राहिला. ही सवय कोरड्या घटाच्या बाबतीत फारशी चुकीची नव्हती. मात्र पुढे तीच सवय वेगळ्या स्वभावाच्या घटाला लावली गेली.

३. लिथियम-आयन बॅटरीचा उदय
१९७० च्या दशकात स्टॅन्ली व्हिटिंगहॅम यांनी पुन्हा भारित होणाऱ्या लिथियम घटाची कल्पना प्रत्यक्षात आणली. १९८० मध्ये जॉन गुडइनफ यांच्या चमूने लिथियम कोबाल्ट ऑक्साइडचा धनाग्र सुचविला आणि १९८५ मध्ये अकिरा योशिनो यांनी शुद्ध लिथियम धातूऐवजी कार्बनी पदार्थ वापरून घट अधिक सुरक्षित केला. १९९१ मध्ये सोनी कंपनीने तो बाजारात आणला. या तिघा संशोधकांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

या घटाची क्षमता आणि धोका एकाच गुणातून येतात. त्यात थोड्या वजनात पुष्कळ ऊर्जा मावते, आणि त्यातील विद्युत-अपघटनी द्रव हा ज्वलनशील सेंद्रिय द्रव असतो. घट अतिभारित झाला, ठेचला गेला, आतील दोन अग्रांचा संपर्क आला किंवा बाहेरून फार तापला तर आतील रासायनिक क्रिया स्वतःच उष्णता निर्माण करू लागते. सुमारे १३० अंशांच्या आसपास दोन अग्रांमधील प्लॅस्टिकचा पातळ पडदा वितळतो आणि उष्णतेची साखळी बेलगाम होते. ज्वलनशील व विषारी वायू बाहेर पडतात आणि शेजारचा घटही पेटतो. हौशी विमान-प्रतिकृती व ड्रोन यांत वापरली जाणारी लि-पो बॅटरी तर कठीण धातूच्या कवचाऐवजी मऊ पाकिटात असते. त्यामुळे ती हलकी होते, परंतु आघाताला कमकुवत ठरते.

४. घटना आणि नियम
या घटाच्या इतिहासात नियम बहुधा अपघातामागून आलेले दिसतात. २००६ मध्ये डेल कंपनीने लॅपटॉपच्या ४१ लाख बॅटऱ्या परत मागविल्या. जानेवारी २०१३ मध्ये बोइंग ७८७ विमानांची उड्डाणे बॅटरीच्या बिघाडामुळे जगभर थांबविण्यात आली. १ एप्रिल २०१६ पासून प्रवासी विमानातून सुट्या लिथियम-आयन बॅटऱ्यांची मालवाहतूक बंद झाली. न्यूयॉर्क शहरात २०२३ या एका वर्षात लिथियम-आयन बॅटऱ्यांमुळे लागलेल्या आगींत १८ जणांचा मृत्यू झाला.

महाराष्ट्रातही या प्रश्नाने बळी घेतला आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये वसई येथे घरात भारित होत असलेल्या विद्युत स्कूटरच्या बॅटरीचा स्फोट होऊन भाजलेल्या सात वर्षांच्या मुलाचा मृत्यू झाला. त्याच वर्षी केंद्र शासनाने विद्युत वाहनांच्या बॅटरीविषयीचे ए.आय.एस. १५६ हे मानक अधिक कडक केले. लहान बॅटऱ्यांसाठी आय.एस. १६०४६ हे भारतीय मानक आहे आणि टाकाऊ बॅटऱ्यांसाठी २०२२ चे बॅटरी अपशिष्ट व्यवस्थापन नियम आहेत. या सर्व तरतुदींचा रोख उत्पादन, वाहतूक आणि विल्हेवाट यांवर आहे. या टप्प्यांच्या मधला काळ, म्हणजे बॅटरी घरात पडून असण्याचा काळ, मुख्यतः वापरणाऱ्याच्या समजुतीवर सोपविला गेला आहे.

५. गावापर्यंतचा प्रवास
हौशी मंडळी व अभियांत्रिकीचे विद्यार्थी यांच्यापुरती असलेली ड्रोनची बॅटरी आता शेतीत आली आहे. २५ ऑगस्ट २०२१ च्या ड्रोन नियमांनी वापर सुलभ केला. २०२३ मध्ये मंजूर झालेल्या नमो ड्रोन दीदी योजनेत १५,००० महिला बचतगटांना ड्रोन पुरविण्याचे उद्दिष्ट ठरले. दिवसाला २० एकर फवारणी खंड न पडता व्हावी म्हणून ड्रोनसोबतच्या संचाखेरीज चार जादा बॅटरी-संच देण्याची तरतूद आहे. धानपट्ट्यासाठी हे साधन उपयुक्त आहे, याबद्दल दुमत नसावे.

प्रश्न हे पाच संच फवारणी नसताना कोठे राहतात हा आहे. मोबाईलच्या बॅटरीत साधारण १५ ते २० वॉट-तास ऊर्जा असते. फवारणीच्या ड्रोनच्या एका संचात ती कित्येक शंभर वॉट-तास असू शकते. १६० वॉट-तासांपेक्षा मोठी बॅटरी प्रवाशाला विमानात नेता येत नाही. विमानात ज्या वस्तूला मज्जाव आहे, ती घरात खाटेखाली किंवा धानाच्या पोत्यांशेजारी ठेवली जाणार असेल, तर तेथे टॉर्चच्या सेलची जुनी सवय काम करीत आहे असेच म्हणावे लागेल.

६. साठवणीची शिस्त
येथे रॉकेलची शिस्त मार्गदर्शक ठरते. पहिली बाब भाराची. लि-पो बॅटरी पूर्ण भरून ठेवू नये. काही दिवस वापर नसल्यास प्रत्येक घट सुमारे ३.८ व्होल्टवर, म्हणजे साधारण निम्म्या भारावर ठेवावा. पूर्ण भारित घट ४.२ व्होल्टचा असतो. तो तसाच ठेवल्यास लवकर खराब होतो आणि पेटल्यास अधिक उग्रपणे पेटतो. दुसरी बाब जागेची. बॅटरी तणस, कपडे, रॉकेल, गॅस यांपासून दूर, झोपण्याच्या खोलीबाहेर आणि घराच्या एकमेव दारापासून अंतरावर असावी. उन्हाने तापणारी टिनाखालची माळ्याची जागा सर्वथा टाळावी. तिसरी बाब पात्राची. पत्र्याची पेटी चालते, मात्र ती हवाबंद नसावी, कारण वायूला वाट न मिळाल्यास पेटीचाच स्फोट होतो. पेटीत संचांची टोके झाकलेली असावीत आणि प्रत्येक संच वेगळा ठेवावा. तळाशी व भोवती कोरडी रेती असल्यास आग पसरण्यास अडथळा होतो.

भारण करताना त्याच बॅटरीसाठीचा, प्रत्येक घट समतोल भरणारा चार्जर वापरावा आणि माणूस जागा व जवळ असावा. रात्रभर भारण करणे ही सर्वांत घातक सवय होय. फुगलेली, ठेचलेली किंवा पडलेली बॅटरी पुन्हा भारित करू नये; ती घराबाहेर वेगळी ठेवून अधिकृत संकलनाकडे द्यावी, कचऱ्यात टाकू नये. आग लागलीच तर प्रथम माणसांना बाहेर काढावे, धूर टाळावा व अग्निशमन दलास कळवावे. वीजपुरवठा बंद असल्यास सुरक्षित अंतरावरून भरपूर पाणी वापरता येते. पाणी येथे मुख्यतः थंडावा देण्यासाठी असते. ज्वाळा विझल्यानंतरही बॅटरी पुन्हा पेटू शकते.

निष्कर्ष :
ऊर्जासाठवणीच्या इतिहासावरून असे दिसून येते की साधन घरात लवकर येते, त्याची शिस्त मागाहून येते आणि या दोहोंमधील काळ सर्वाधिक धोक्याचा असतो. रॉकेलचा धोका वासाने आणि गॅसचा मिसळलेल्या गंधाने जाणवला. लिथियम बॅटरी मात्र बहुतेक वेळा मूक असते. तिचे फुगणे ही एक सूचना असते, पण ती दरवेळी मिळत नाही. म्हणून ही शिस्त अनुभवातून येण्याची वाट पाहणे परवडणारे नाही. ड्रोनच्या प्रशिक्षणात उड्डाणाइतकेच साठवणीला स्थान मिळणे, बचतगटांसाठी घराबाहेर पक्क्या भिंतींची सामाईक साठवण-खोली असणे आणि महाविद्यालयांच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांतून ही माहिती गावात पोहोचणे आवश्यक आहे. दिघोरीसारख्या गावातील घराने रॉकेल सांभाळले, गॅस सांभाळला. नव्या बॅटरीचा स्वभाव वेळीच समजावून दिल्यास तीही ते सांभाळू शकेल.