राजाच्या माळ्याचा लेप

गाईचे ताजे शेण एक बुशेल, म्हणजे सुमारे ३६ लिटर. जुन्या घरांच्या छतांतून निघालेला चुन्याचा गिलावा अर्धा बुशेल. लाकडाची राख अर्धा बुशेल. नदीची वाळू एका बुशेलचा सोळावा हिस्सा. ही कृती कोणा वैदूच्या चोपडीतील नव्हे. अठराव्या शतकाच्या अखेरीस जिच्यासाठी ब्रिटिश सरकारने बक्षीस दिले, ती ही औषधयोजना. रोगी मात्र माणसे नव्हती, झाडे होती.

औषध शोधणारा विल्यम फोर्सिथ हा मूळचा स्कॉटलंडचा. लंडनच्या चेल्सी येथील औषधी वनस्पतींच्या बागेची व्यवस्था पाहिल्यानंतर १७८४ मध्ये तो राजा तिसरा जॉर्ज याच्या केन्सिंग्टन व सेंट जेम्स येथील बागांचा अधीक्षक झाला. तेथील जुनी फळझाडे पोखरलेली आणि चुकीच्या छाटणीने विद्रूप झालेली होती. फोर्सिथने त्यांच्या सडक्या फांद्या निरोगी लाकडापर्यंत मागे कापल्या आणि प्रत्येक जखमेवर आपला लेप थापला. झाडांना जोमदार धुमारे फुटले, फळेही वाढली. १७९१ मध्ये त्याने ही कृती पुस्तकरूपाने जाहीर केली.

सरकारला फळबागांपेक्षा ओक वृक्षांची चिंता अधिक होती. ब्रिटनचे आरमार ओकच्या लाकडावर तरत होते आणि एकेका युद्धनौकेपाठी हजारो झाडे पडत. ओक परिपक्व व्हायला शतकभर लागते. त्यातला एखादा ढोलीने पोकळ निघाला, तर ते नुकसान पुढच्या पिढीलाही भरून काढता येत नसे. (या टंचाईचा एक धागा मुंबईपर्यंत येतो. जमशेटजी बोमनजी वाडिया यांनी मुंबईच्या गोदीत बांधलेली ‘मिंडेन’ ही ७४ तोफांची सागवानी युद्धनौका १८१० मध्ये पाण्यात उतरली.) अशा काळात पोकळ खोड पुन्हा भरीव करून देतो, असे सांगणारा माणूस भेटला तर राज्यकर्ते त्याचे ऐकणारच.

पण ते खरे होते काय? हियरफर्डशायरचा बागाईतदार टॉमस अँड्र्यू नाइट याला ते पटले नाही. १८०२ मध्ये त्याने पुस्तिका काढून फोर्सिथच्या लेपाविषयी जाहीर शंका घेतली. सडलेले लाकूड पुन्हा जिवंत होत नाही, हा त्याचा मुद्दा होता. वाद चिघळला. मौज अशी की १८०४ मध्ये लंडनच्या ज्या उद्यानविद्या संस्थेच्या सात संस्थापकांत फोर्सिथ होता, तिचेच अध्यक्षपद पुढे नाइटने १८११ पासून मृत्यूपर्यंत भूषविले. फोर्सिथ मात्र संस्था स्थापन झाली त्याच वर्षी वारला.

आज मागे वळून पाहता फोर्सिथला खोटारडा म्हणणे अन्यायाचे होईल. झाडे सुधारली, ती त्याच्या चाकूमुळे. मेलेला भाग निघाला, उरलेल्या मुळांची ताकद मोजक्या नव्या फुटींना मिळाली. श्रेय मात्र शेणाला गेले.

लेप बदलत गेला, कल्पना बदलली नाही. १८६० च्या दशकात फ्रान्समध्ये काउंट देस कार याने फांदी खोडाशी अगदी सपाट कापावी आणि वर डांबर फासावे, असा नियम घालून दिला. त्याचे पुस्तक १८८१ मध्ये अमेरिकेत इंग्रजीत आले. सपाट काप दिसायला नेटका असतो आणि त्याच्या कडेने नवी साल भराभर फुगते. हा फुगवटा पाहून जखम भरली असे सारे समजत. आत काय चालले आहे, हे खोड उभे चिरल्याशिवाय कळणार कसे?

ते काम केले अ‍ॅलेक्स शायगो याने. अमेरिकेच्या वनसेवेत १९५९ मध्ये दाखल झालेल्या या शास्त्रज्ञाने न्यू हॅम्पशायरमध्ये यांत्रिक करवतीने हजारो झाडे उभी चिरून जखमांचा आतला इतिहास वाचला. त्याला दिसले ते असे, की माणसाच्या त्वचेप्रमाणे झाड जखम भरून काढत नाही. ते तिला कोंडून टाकते. वर-खाली जाणाऱ्या नलिका बुजवते, आत आणि बाजूंना आडोसे उभे करते आणि जखमेनंतर तयार होणाऱ्या नव्या लाकडापुढे सर्वांत मजबूत भिंत घालते. सडलेला भाग आत तसाच राहतो, झाड त्याच्याभोवती वाढत जाते. १९७७ मध्ये हे विवेचन प्रसिद्ध झाले. नाइटची शंका तब्बल ७५ वर्षे जुनी होऊन, वर आणखी एक शतक लोटल्यावर खरी ठरली.

फांदी खोडाला मिळते तेथे एक फुगीर कडे असते. ते खोडाचे असते, फांदीचे नव्हे. बुरशीविरुद्धची तटबंदी याच जागी उभी राहते. सपाट काप नेमके हे कडे उडवून लावतो. एक शतकभर कुशल माळी नियम पाळून झाडांचे तट पाडत होते! आणि लेप? १३ वर्षांच्या प्रयोगांचे निष्कर्ष शायगो आणि शॉर्टल यांनी १९८३ मध्ये मांडले: लेपाने कूज थांबत नाही.

तेव्हापासून छाटणीचा भर उपचारावरून घडणीवर सरकला. एकाच बेचक्यातून निघालेली, मध्ये साल अडकलेली दोन तुल्यबळ खोडे पुढे वादळात हमखास फाटतात. म्हणून झाड लहान असतानाच त्यांतले एक मागे कापून दुसऱ्याला नायक करायचे. अंगठ्याएवढी जखम झाड काही हंगामांत झाकून टाकते, मांडीएवढी जन्मभर बाळगते. काप कड्याच्या बाहेर, पण खुंटही उरू द्यायचा नाही.

फोर्सिथचे नाव टिकले ते लेपामुळे नव्हे. १८०४ मध्येच वनस्पतिशास्त्रज्ञ मार्टिन वाल याने एका पिवळ्या फुलांच्या झुडपाला ‘फोर्सिथिया’ हे नाव दिले. थंड प्रदेशांतील बागांत ते वसंताच्या आरंभी पानांआधी फुलते, तेही गेल्या वर्षीच्या काड्यांवर. हिवाळ्यात छाटले तर त्या वर्षीची फुले जातात. त्यामुळे माळी बहर ओसरेपर्यंत थांबतात, मग जुन्या काड्या बुंध्यापासून काढतात आणि कापांवर काहीही लावत नाहीत.