राज्यावांचून राष्ट्र

कोल्हापुरांत थंडी पडूं लागली, कीं लोकरी वस्त्रांचीं दुकानें मांडून बसलेलीं तिबेटी माणसें दृष्टीस पडतात. गिऱ्हाईक त्यांना सहज ‘नेपाळी’ म्हणून मोकळें होतें, स्वेटराची घासाघीस करतें आणि निघून जातें. परंतु नेपाळ हें या माणसांचें घर नव्हे. त्यांची भाषा, लिपि आणि इतिहास हीं निराळीं असून त्या इतिहासाचे कित्येक धागे भारताच्या, किंबहुना महाराष्ट्राच्याहि विद्येशीं गुंतलेले आहेत.

सातव्या शतकांत स्रोंगचन गांपो या राजानें तिबेटांतील विखुरलेल्या टोळ्या एका छत्राखालीं आणिल्या. त्याचा अमात्य थोन्मी संभोट यानें भारतांत येऊन अध्ययन केलें व परत जाऊन आपल्या भाषेस भारतीय वळणाची लिपि दिली, अशी तिबेटी परंपरा आहे. त्या वर्णमालेचा आरंभ आजहि क, ख, ग, ङ असा होतो. कोल्हापुरांतील बालक पाटीवर जीं अक्षरें गिरवितें, त्यांचींच भावंडें हिमालयापलीकडील बालक गिरवीत आलें आहे. पुढें आठव्या शतकांत नालंदेचे आचार्य शांतरक्षित तिकडे गेले व साम्ये येथें पहिला मोठा विहार उभा राहिला. इ. स. १०४२ मध्यें विक्रमशिलेचे अतिश तेथें पोहोंचले. एका बाजूस भारतीय पंडित व दुसऱ्या बाजूस तिबेटी भाषांतरकार, असे जोडीनें बसून त्यांनीं शेंकडों ग्रंथ भाषांतरिले. बुद्धवचनांचा संग्रह तो कंजूर आणि आचार्यांच्या टीकाग्रंथांचा संग्रह तो तंजूर. दोन्ही मिळून तीनशेंहून अधिक पोथ्या भरतात.

या उद्योगाचें मोल भारतास फार उशिरां कळलें. नालंदा-विक्रमशिलेचा विध्वंस झाला व येथील मूळ संस्कृत ग्रंथ नाहींसे झाले. तिबेटच्या मठांत मात्र कित्येकांचीं भाषांतरें आणि कांहींच्या ताडपत्री मूळ प्रतीहि सुरक्षित राहिल्या. महापंडित राहुल सांकृत्यायन यांनीं या शतकापूर्वींच्या शतकांत तिबेटच्या वाऱ्या करून अशा पोथ्यांचीं छायाचित्रें आणिलीं. त्यांतच वसुबंधूच्या ‘अभिधर्मकोशा’च्या कारिका होत्या. त्यांचा संस्कृत पाठ पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजचे प्राध्यापक वासुदेव विश्वनाथ गोखले यांनीं सिद्ध करून १९४६ सालीं प्रसिद्ध केला. आपल्या घरांतून हरवलेली ठेव शेजाऱ्यानें शतकानुशतकें जपावी व मागतांच परत द्यावी, असाच हा प्रकार झाला.

तिबेटच्या राजकीय स्थितीचा प्रश्न मात्र इतका सरळ नाहीं. मोंगल नृपति अल्तान खान यानें १५७८ सालीं सोनम ग्यात्सो या धर्मगुरूस ‘दलाई’ ही पदवी दिली. १६४२ सालीं गुश्री खानाच्या साहाय्यानें पांचवे दलाई लामा राज्याचेहि स्वामी झाले. १७२० नंतर चीनच्या मांचू बादशहांचे प्रतिनिधि ल्हासा येथें राहूं लागले. या संबंधास तिबेटी लोक यजमान-पुरोहिताचें नातें म्हणतात: यजमानानें रक्षण करावें, पुरोहितानें आशीर्वाद द्यावा. चीन त्याच संबंधास सार्वभौमत्व म्हणतो. नातें एक आणि त्याचे अर्थ दोन, हेंच या कलहाचें मूळ होय.

कोल्हापूरकरांस हा भेद समजण्यास फार लांब जावयास नको. १८१२ च्या तहानंतर या संस्थानावर इंग्रजांची अधिसत्ता उत्तरोत्तर दृढ होत गेली. छत्रपतींची गादी, दरबार व न्यायनिवाडा कायम राहिला. परंतु परराष्ट्रांशीं स्वतंत्र व्यवहार उरला नाहीं. मांडलिक राज्य म्हणतात तें असें. आतां तिबेटकडे पाहावें. १९०४ सालीं यंगहजबंडची इंग्रजी फौज ल्हासा येथें शिरली व तिनें तह करून घेतला तो तिबेटी सरकाराशींच. १९१० मध्यें चिनी फौज आली, तेव्हां तेरावे दलाई लामा हिंदुस्थानांत आले. लवकरच चीनमध्यें बादशाही कोसळली. १९१३ च्या आरंभीं दलाई लामा ल्हासा येथें परतले व त्यांनीं आपल्या देशाचें स्वातंत्र्य घोषित केलें. १९१४ च्या सिमला करारांत चीनची अधिसत्ता आणि तिबेटची स्वायत्तता या दोहोंची सांगड घालण्यांत आली होती. परंतु चीन सरकारनें त्यावर सही करण्याचें नाकारलें. त्यानंतर १९५० पर्यंत तिबेटची स्वतःची फौज, नाणीं आणि टपालाचीं तिकिटें होतीं. १९४७ सालीं दिल्लीच्या आशियाई परिषदेस तिबेटचे प्रतिनिधि आपला ध्वज घेऊन आले होते. उणीव होती ती एकच, पण मोठी: कोणत्याहि प्रबळ राष्ट्रानें त्या स्वातंत्र्यास उघड मान्यता दिली नाहीं. जगाकडे पाठ फिरवून बसलेल्या मठाधीशांनींहि ती वेळींच मिळविली नाहीं.

ऑक्टोबर १९५० मध्यें चिनी सैन्य तिबेटांत घुसलें आणि मे १९५१ मध्यें सतरा कलमी करार झाला. २९ एप्रिल १९५४ च्या करारांत भारतानें ‘चीनचा तिबेट प्रदेश’ असा शब्दप्रयोग स्वीकारला. त्याच वर्षीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं राज्यसभेंत या धोरणावर कडक टीका केली. १९२० सालीं कोल्हापूर संस्थानांतील माणगांवच्या परिषदेचे जे अध्यक्ष होते, तेच हे आंबेडकर. चीनला ल्हासापर्यंत येऊं देणें म्हणजे त्याला भारताच्या उंबऱ्याशीं आणणें होय, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. १९६२ च्या युद्धानंतर त्याचें मर्म अनेकांना उमगलें.

१० मार्च १९५९ रोजीं ल्हासा येथें उठाव झाला. चौदावे दलाई लामा १७ मार्चच्या रात्रीं वेष पालटून निघाले व ३१ मार्च रोजीं भारताच्या हद्दींत आले. त्यांच्यामागून हजारों लोक हिमालय ओलांडून आले. म्हैसूर राज्यानें बैलकुप्पे येथें त्यांना प्रथम जमीन दिली. १९६६ मध्यें उत्तर कानड्यांत मुंडगोड येथें दुसरी मोठी वसाहत झाली. कोल्हापुराहून बेळगांव-हुबळीच्या वाटेनें जाणाऱ्यास ती फार दूर नाहीं. ल्हासाजवळील द्रेपुंग व गांदेन या विख्यात मठांनीं तेथें नवा संसार मांडला. महाराष्ट्रांतहि १९७२ सालीं तेव्हांच्या भंडारा व आतांच्या गोंदिया जिल्ह्यांत, अर्जुनी मोरगांव तालुक्यांतील गोठणगांवानजीक नोर्ग्येलिंग ही वसाहत वसली. याक आणि जव यांच्या देशांतून आलेल्या त्या लोकांनीं विदर्भाच्या उन्हांत भाताची शेती शिकून घेतली.

१ मार्च १९४९ रोजीं कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतांत विलीन झालें. राज्य गेलें, परंतु अंबाबाईचें देऊळ, पंचगंगेचा घाट, मराठी बोली आणि दसऱ्याचें सोनें जेथल्या तेथें राहिलें. माणसें आपल्या भूमीवर राहिलीं व सत्ता त्यांच्याच प्रतिनिधींच्या हातीं आली. तिबेटी निर्वासितांच्या वांट्यास याच्या उलट आलें. भूमि मागें राहिली. बरोबर आल्या त्या पोथ्या, भाषा आणि आठवण. एवढ्या सामग्रीवर त्यांनीं शाळा चालविल्या, लोकसभा निवडली, आणि २०११ सालीं दलाई लामांनीं आपला राजकीय अधिकार स्वखुषीनें लोकनियुक्त नेत्याकडे सोंपविला.

आतां प्रश्न तिसऱ्या पिढीचा आहे. २६ जानेवारी १९५० ते ३० जून १९८७ या काळांत भारतांत जन्मलेली व्यक्ति कायद्यानें भारताची नागरिक ठरते. हा हक्क तिबेटी मुलीसहि आहे, असें दिल्ली उच्च न्यायालयानें २०१० मध्यें ठरविलें. नागरिकत्व घेतलें तर नोकरी व घर मिळविणें सुलभ होतें. न घेतलें तर हातांत उरतो तो निर्वासिताचा दाखला. एकाच घरांत वडील त्या दाखल्यास देशाची शेवटची खूण मानतात आणि मुलास त्याचीच अडचण वाटते. दोघांपैकीं कोणासहि दोष देतां येत नाहीं. नागरिकत्व घेतल्यानें आईची भाषा विसरलीच पाहिजे असें नाहीं. तशीच निर्वासिताचा दाखला जपल्यानें ती आपोआप टिकेल असेंहि नाहीं. ती टिकते शाळेंत आणि चुलीपाशीं.

थंडी सरली, कीं कोल्हापुरांतील हीं दुकानें उठतात. पुढील हिवाळ्यांत तीं पुन्हां मांडलीं जातील, तेव्हां गिऱ्हाइकानें घासाघीस खुशाल करावी. पण त्या माणसांना त्यांच्या खऱ्या नांवानें, तिबेटी म्हणून ओळखावें. ज्यांनीं भारताची विद्या हजार वर्षें जपली, त्यांना एवढें देणें कोणासहि जड नाहीं.