खाचकार : प्रार्थना मागणारे दगड

आर्मेनियन भाषेत ‘खाच’ म्हणजे क्रूस, ‘कार’ म्हणजे दगड. तारीख कोरलेल्या खाचकारांपैकी सर्वांत जुना गार्नी येथील, इ.स. ८७९ चा मानला जातो. यावरील क्रूसाला पालवी फुटलेली असते, तो जीवनवृक्षच. कोरीव बाजू पश्चिमेला, त्यामुळे यात्रेकरूचे तोंड आपोआप पूर्वेकडे होते. अनेक खाचकारांवर विनंती कोरलेली असते : अमक्यासाठी प्रार्थना करा. मृताची भिस्त अशी अनोळखी वाटसरूवर!

नखिचेवानमधील जुन्या जुल्फाच्या दफनभूमीत असे हजारो दगड होते. १९९८ पासून ते पाडले गेले; डिसेंबर २००५ मध्ये सैनिक उरलेले फोडताना चित्रित झाले. अझरबैजान सरकारने आरोप नाकारला. २०१० मध्ये युनेस्कोने ही कला वारसा-यादीत घेतली. कला टिकली, जुल्फातील विनंत्या मात्र वाचायला उरल्या नाहीत.