शिकागोच्या वस्तीत जन्मलेले नाट्यखेळ

१/ १८८९ साली शिकागोतील स्थलांतरितांच्या वस्तीत जेन अ‍ॅडम्स आणि एलन गेट्स स्टार यांनी ‘हल हाउस’ हे सेवाकेंद्र उघडले. इटालियन, ग्रीक, ज्यू अशा अनेक समाजांची मुले तेथे एकत्र येत. घरची भाषा मात्र प्रत्येकाची निराळी.

२/ १९२४ मध्ये तेथेच व्हायोला स्पोलिन नेवा बॉइड यांच्याकडे शिकू लागल्या. खेळातून सहजीवन शिकता येते, ही बॉइड यांची धारणा.

३/ महामंदीच्या काळात सरकारी रोजगार योजनेतून स्पोलिन यांनी वस्तीतील मुलाबाळांसाठी नाट्यकार्य केले. भाषांची भिंत ओलांडण्यासाठी त्या खेळांकडे वळल्या.

४/ त्यांच्या ‘आरसा’ या खेळात दोघे समोरासमोर उभे राहतात. एकाची हालचाल दुसरा जशीच्या तशी करतो. पुढे दोघेही एकमेकांचे अनुकरण करू लागतात. पुढारी कोण, हे ओळखू येत नाही.

५/ शाबासकीची आस आणि नापसंतीचा धाक, दोन्ही मुलाला बांधून ठेवतात, असे त्या मानत. म्हणून शिक्षकानेही सहखेळाडू व्हावे.

६/ पुत्र पॉल सिल्स यांनी हे खेळ रंगभूमीवर नेले. १९५९ मध्ये ‘सेकंड सिटी’ उभी राहिली. १९८६ साली स्पोलिन यांनी खास वर्गासाठी पुस्तक लिहिले. मुलांना जोडण्यासाठी जन्मलेले खेळ पुन्हा मुलांकडे परतले.