लघवी मोकळी झाली, पुढचं कोणी सांगितलं नाही

गेल्या महिन्यात काकांच्या प्रोस्टेटच्या ऑपरेशनला सोबत होतो. सिस्टरनी फॉर्म पुढे केला, "इथं, इथं आणि इथं सही करा." फॉर्म इंग्रजीत. काकांनी सही केली, साक्षीदार म्हणून मीही केली. घरी आल्यावर नीट वाचला, तर एका ओळीत होतं की यानंतर संबंधाच्या वेळी वीर्य बाहेर न येण्याची शक्यता आहे. कोणी सांगितलं नव्हतं. आम्हीही विचारलं नव्हतं म्हणा.

म्हणून या ऑपरेशनचा इतिहास थोडा वाचला. विषय अवघड वाटेल, पण घराघरातला आहे.

1893 मध्ये फिलाडेल्फियाच्या जे. विल्यम व्हाइट या सर्जननी म्हाताऱ्यांची तुंबलेली लघवी सोडवायला उपाय सुचवला, तो म्हणजे दोन्ही अंडकोष काढून टाका! 1895 मध्ये त्यांनी 111 रुग्णांचा अहवाल दिला, त्यात शंभरात साधारण अठरा दगावले होते. तरी लोक तयार व्हायचे, कारण लघवी अडकण्याच्या वेदनेपुढे माणूस काहीही कबूल करतो.

मग आले पीटर फ्रेयर. हे आयर्लंडचे, पण उमेदीची वीसेक वर्षं त्यांनी हिंदुस्थानात सरकारी डॉक्टर म्हणून काढली. रामपूरच्या नवाबाचा मुतखडा काढला तेव्हा एक लाख रुपये फी मिळाली आणि त्यावरून सरकारशी वाद झाला, तेच हे. 1900 च्या डिसेंबरात लंडनमध्ये त्यांनी पोटातून मूत्राशय उघडून बोटांनी प्रोस्टेटची गाठ सोलून काढली. पुढे या पद्धतीची शेकडो ऑपरेशनं झाली. जंतुसंसर्ग अंडकोषाकडे उतरू नये म्हणून ऑपरेशनबरोबर नसबंदीही करून टाकायची, असाही रिवाज कित्येक दशकं होता. म्हाताऱ्याला काय करायचंय, हे गृहीतच धरलेलं.

पण लघवी अडणारा प्रत्येक जण म्हातारा नसतो, आणि प्रत्येकाची गाठही वाढलेली नसते. 1834 मध्येच लंडनच्या गथ्री यांनी लिहून ठेवलं होतं की काही जणांत मूत्राशयाच्या तोंडाशीच आडवा बांध असतो. पॅरिसच्या मारियों यांचं नाव पुढे या आजाराला मिळालं. यात तिशी-चाळिशीतले तरुणही असतात. धार बारीक, जोर करावा लागतो, आणि तपासणीत प्रोस्टेट अगदी बेताची.

इथे खरी मेख आहे. मूत्राशयाचं तोंड म्हणजे स्नायूंचं कडं. लघवीला ते उघडतं आणि वीर्यस्खलनाच्या क्षणी घट्ट मिटतं, म्हणून वीर्य पुढे जातं. ते कडं कापलं की वीर्य उलटं मूत्राशयात शिरतं आणि पुढच्या लघवीबरोबर निघून जातं. शरीराला अपाय नाही, ताठरताही बहुधा टिकते. पण ज्याला मूल हवंय त्याचं काय? अशा तरुणांना मुलंबाळं होईपर्यंत थांबा, असा सल्ला मिळायचा.

1926 मध्ये न्यूयॉर्कच्या स्टर्न यांनी विजेच्या तारेनं आतला भाग तासून काढणारी दुर्बीण आणली. पोट फाडणं टळलं, पण तीनात दोघांचं तरी वीर्य उलटं जायचंच, अजूनही जातं.

वळण आलं 1970 च्या दशकात. लंडनच्या टर्नर-वॉरविक यांनी मूत्राशयातला दाब आणि एक्स-रेचं चित्र एकत्र पाहून हे तोंड कुठे आणि कसं अडतं ते दाखवलं. त्याच 1973 साली अमेरिकेत ओरंदी यांनी मांडलं की गाठ लहान असेल तर तासायची गरजच नाही, घड्याळात पाच आणि सात असतात त्या जागी दोन चिरा पुरतात. जेरुसलेममध्ये केन यांनी हे कडं गोळ्यांनी सैल पडतं हे दाखवलं. पुढे काहींनी दोनाऐवजी एकाच बाजूला चीर देऊन पाहिली. वीर्य उलटं जाण्याचं प्रमाण बरंच खाली आलं.

फुकट काहीच नसतं. चीर लहान ठेवली तर काहींना पुन्हा टेबलावर जावं लागतं. गाठ मोठी असेल तर चिरेनं भागत नाही. काही गोळ्यांनीही वीर्य कमी होतं, फक्त गोळी थांबवली की पूर्ववत होतं. म्हणजे निवड करायला जागा आहे. पण आधी कोणी सांगायला तर हवं.

2008 च्या समीरा कोहली खटल्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की पुरेशी माहिती देऊन घेतलेली संमतीच खरी संमती. उपचाराचे धोके आणि दुसरे पर्याय सांगणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. तो खटला एका बाईचा होता, न विचारता गर्भाशय काढल्याचा. पुरुषांच्या बाबतीत एवढी आरडाओरड होत नाही, कारण आपण बोलतच नाही.

काकांना मी तो फॉर्म मराठीत वाचून दाखवला. काकू आत चहा करत होत्या. काका हळूच म्हणाले, "आत्ता सांगतोस होय रे?"