बदलते इंधन, न बदलणारे इंजिन

६ फेब्रुवारी २०२३ रोजी बेंगळुरूत 'इंडिया एनर्जी वीक'चे उद्घाटन झाले. त्याच कार्यक्रमात २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल, म्हणजे ई-२०, ११ राज्ये व केंद्रशासित प्रदेशांतील ८४ पंपांवर विक्रीस आणले गेले. दोन वर्षांत हे मिश्रण इंदिरानगरच्या शंभर फुटी रस्त्यापासून मिरजेच्या पंपापर्यंत नेहमीचेच पेट्रोल होऊन बसले. २०२५ मध्ये जुन्या गाड्यांचे मालक विचारू लागले की, ज्या इंजिनाची घडण या मिश्रणासाठी झालेलीच नाही, त्याचे काय होणार? आणि कोणतेही मिश्रण पचवू शकेल असे त्याचे रूपांतर करता येईल काय?

इंधनात अल्कोहोल मिसळण्याची कल्पना भारतात नवी नाही. साखर कारखान्यांतील मळीपासून बनणारे अल्कोहोल पेट्रोलमध्ये मिसळता यावे म्हणून स्वतंत्र भारताने १९४८ मध्येच 'इंडियन पॉवर अल्कोहोल अ‍ॅक्ट' संमत केला. पुढे स्वस्त खनिज तेलाच्या काळात तो विस्मृतीत गेला आणि २००० मध्ये रद्द झाला. नियतीचा विनोद असा की, त्यानंतर अवघ्या वर्षभरात, २००१ मध्ये, सरकारने इथेनॉल मिश्रणाचे तीन प्रायोगिक प्रकल्प हाती घेतले. त्यांपैकी दोन महाराष्ट्रात, मिरज आणि मनमाड येथे होते. तिसरा उत्तर प्रदेशात. जानेवारी २००३ पासून महाराष्ट्र, कर्नाटक आणि गोव्यासह नऊ राज्यांत ५ टक्के मिश्रण सुरू झाले. पण लगेच दुष्काळ पडला, ऊस घटला, मळी घटली आणि २००४ मध्ये सक्ती सैल करावी लागली. पंपावरील मिश्रण पावसाच्या लहरीवर अवलंबून असते, हा या इतिहासाचा पहिला धडा.

दुसरा धडा बेंगळुरूच्या प्रयोगशाळेतला आहे. इंदिरानगरच्या दुकानांत पहाटे माल उतरवणाऱ्या पिकअप गाड्या पाहिल्या, तर त्यांतील बऱ्याच डिझेलवर चालतात. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दाबलेल्या गरम हवेत इंधनाने आपोआप पेटावे लागते. ही तत्परता सीटेन अंकाने मोजतात. आजच्या डिझेलचा सीटेन अंक किमान ५१ असतो, तर इथेनॉलचा सुमारे ८. म्हणजेच पेट्रोल इंजिनात ज्या गुणामुळे इथेनॉल उत्तम ठरते, तो सहज न पेटण्याचा गुणच येथे आड येतो. भारतीय विज्ञान संस्थेत एच. ए. हावेमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५० च्या दशकातच डिझेल इंजिनात अल्कोहोल जाळण्याचे प्रयोग केले. अल्कोहोल हवेबरोबर आत घ्यावे आणि थोड्या डिझेलने ते पेटवावे, असा हा द्विइंधनी मार्ग. त्यासंबंधीच्या आजच्या शोधनिबंधांतही त्यांच्या कामाचा उल्लेख सापडतो. पण रस्त्यावरच्या डिझेल पिकअपपर्यंत तो मार्ग पोहोचला नाही. म्हणून 'फ्लेक्स फ्युएल' रूपांतराचा विचार आजही मुख्यतः पेट्रोल इंजिनापुरताच होतो.

या विचाराला पूर्ण रूप आले ब्राझीलमध्ये. १९७३ च्या तेलसंकटानंतर नोव्हेंबर १९७५ मध्ये तेथे 'प्रोआल्कोल' कार्यक्रम सुरू झाला. १९७९ मध्ये केवळ इथेनॉलवर चालणारी फियाट १४७ बाजारात आली. १९८० च्या दशकाच्या मध्यास नव्या मोटारींपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक इथेनॉलच्या होत्या. मग खनिज तेल स्वस्त झाले, साखरेला चांगला भाव आला आणि १९८९ च्या सुमारास पंपांवर इथेनॉलचा तुटवडा पडला. ज्यांची गाडी दुसरे काही पिऊ शकत नव्हती, ते रांगेत उभे राहिले. लोकांचा विश्वास असा उडाला की, पुढील दशकात इथेनॉल मोटारींची विक्री जवळजवळ शून्यावर आली.

तो विश्वास परत आणला तो २००३ मध्ये आलेल्या फोक्सवॅगन गोल 'टोटल फ्लेक्स'ने. या गाडीत पेट्रोल आणि इथेनॉल कोणत्याही प्रमाणात भरता येई. त्यामागचे विज्ञान सोपे आहे. पूर्ण ज्वलनासाठी १ किलो पेट्रोलला सुमारे १४.७ किलो हवा लागते. इथेनॉलच्या रेणूत ऑक्सिजन आधीच असल्याने त्याला ९ किलो पुरते. तेवढ्याच हवेसाठी इथेनॉल दीडपटीहून अधिक सोडावे लागते. टाकीत काय आहे हे इंजिनाला कळण्याचे मार्ग दोन. एक, इंधनवाहिनीत धारित्र मोजणारा संवेदक बसवणे. इथेनॉलचा परावैद्युत स्थिरांक सुमारे २५, तर पेट्रोलचा सुमारे २ असल्याने मिश्रणाचे प्रमाण लगेच उमगते. दुसरा, धुरातील ऑक्सिजन मोजून संगणकाने उलटा हिशेब मांडणे. ब्राझीलने हा दुसरा, स्वस्त मार्ग स्वीकारला.

म्हणून रूपांतर म्हणजे केवळ एक डबी जोडणे नव्हे. मोठे इंजेक्टर, सक्षम इंधनपंप, इथेनॉलला व त्यातील पाण्याला टिकणारे रबर आणि धातू, नव्याने बसवलेले इंधन व ठिणगीचे गणित, हे सारे लागते. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीत मनाजोगे फेरबदल करता येत नाहीत.

भारताचा प्रवास मात्र उलट्या क्रमाने झाला: इंधन आधी बदलले. १० टक्क्यांचे सरासरी उद्दिष्ट जून २०२२ मध्ये, मुदतीच्या पाच महिने आधी गाठले गेले. २० टक्क्यांचे २०३० वरून २०२५-२६ वर आणले गेले. सर्व मिश्रणे पचवणाऱ्या गाड्यांचे नमुने अधूनमधून दिसले. ऑगस्ट २०२३ मध्ये टोयोटा इनोव्हा हायक्रॉसचा असा नमुना दिल्लीत दाखवला गेला. ती कंपनी बेंगळुरूजवळच्या बिडदीची. पण रस्त्यावरच्या बहुतेक गाड्या ठरावीक मिश्रणाच्याच राहिल्या.

त्याची किंमत साध्या अंकगणितात दिसते. एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. त्यामुळे शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत ई-२० मध्ये सुमारे ७ टक्के, तर ई-१० च्या तुलनेत ३ ते ४ टक्के ऊर्जा कमी. इथेनॉलचा ऑक्टेन अंक जास्त असल्याने अधिक संपीडनाचे इंजिन ही तूट काहीशी भरून काढते. जुन्या इंजिनाला ते शक्य नसते. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यानेच मूळ शुद्ध पेट्रोलसाठी घडवलेल्या व ई-१० साठी जुळवलेल्या चारचाकींत ई-२० मुळे ६ ते ७ टक्के घट सांगितली होती.

पावसाचा प्रश्नही संपलेला नाही. डिसेंबर २०२३ मध्ये साखरेचे उत्पादन घटण्याच्या भीतीने उसाच्या रसापासून इथेनॉल बनवण्यावर बंधने आली. २००४ ची मळी आणि १९८९ चे ब्राझील हेच सांगत होते. ऊस, साखर आणि खनिज तेल यांचे भाव कधीच एका जागी थांबत नाहीत. त्या चढउताराचा भार कुणीतरी उचलायचा असतो: धोरणाने, इंजिनाने किंवा गाडीच्या मालकाने. ब्राझीलने तो इंजिनावर टाकला. भारतात तो आज बऱ्याच अंशी मालकाच्या खिशावर आहे आणि पुढील मिश्रणाचा आकडा ठरवण्यापूर्वी याचा विचार व्हायला हवा.