बिसेत्रच्या तुरुंगापासून ‘डिजिटल अरेस्ट’पर्यंत

फसवे ईमेल ही इंटरनेटची देणगी आहे, असा आपला समज असतो. इतिहास वेगळे सांगतो. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर पॅरिसजवळच्या बिसेत्र तुरुंगातील कैदी श्रीमंतांना पत्रे पाठवत. ‘मी परागंदा उमरावाचा नोकर. धन्याची संपत्ती लपवलेली आहे. थोडी मदत पाठवा,’ असा त्यांचा आशय असे. गुन्हेगाराचा पोलीस अधिकारी झालेल्या विदोकने १८२८च्या आठवणींत लिहिले आहे की, अशा शंभरातल्या वीस पत्रांना उत्तर येई. पुढे हेच पत्र ‘स्पॅनिश कैदी’ या नावाने युरोप-अमेरिकेत फिरले. विसाव्या शतकाच्या अखेरीस ते नायजेरियातून येऊ लागले. तिथल्या फौजदारी कायद्यातील कलमावरून त्याला ‘४१९’ म्हणतात. ईमेलने टपालखर्चही वाचवला.

अनोळखी माणूस, गुप्ततेची अट आणि आधी पैसे, ही त्रिसूत्री आजही तीच आहे. ‘डिजिटल अरेस्ट’मध्ये फक्त लोभाची जागा भीतीने घेतली. भारतीय कायद्यात असा अटकेचा प्रकारच नाही. पण ज्या समाजाला पोलिसांचे नाव काढताच धास्ती वाटते, तो गप्प राहून पैसे भरण्याचा धोका जास्त. फसवणारा याच मौनावर जगतो. म्हणून फोन ठेवा, घरच्यांना सांगा आणि पैसे गेलेच असतील, तर लगेच १९३० या क्रमांकावर तक्रार करा.